आरशाला आठवण नसते

एका वस्तूच्या दोन प्रती असतील आणि त्यांतली एक आपण नष्ट केली, तर दुसरी शिल्लक उरायला हवी. यात वाद घालण्याजोगे काही नाही. तरीही तेरेवाडीच्या सागरध्वनी केंद्रात पडद्यापुढे उभ्या असलेल्या चारुताला जे दिसत होते, ते या साध्या नियमाशी मुळीच जुळत नव्हते. तिने एक प्रत पुसली होती, आणि गेल्या मात्र दोन्ही होत्या.

पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी उघडल्या होत्या. डावी मुख्य डिस्कची, उजवी तिच्या जोडडिस्कची. दोन्हींत कप्प्यांची नावे एकाच क्रमाने लागली होती. ‘काजळी’नंतर ‘कातरी’ यायला हवी होती. दोन्हीकडे ‘काजळी’नंतर थेट ‘खवली’ येत होती.

चारुता गणपतीच्या सुट्टीत आजोबांकडे आली होती. आजोबा म्हणजे डॉ. दिगंबर नाबर. खाडीच्या मुखाशी, समुद्राच्या तळावर त्यांनी जागोजागी जलकर्ण (पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे) बसवले होते, आणि तिथून जाणाऱ्या डॉल्फिनांच्या शिळा ते वर्षानुवर्षे ऐकत आले होते. प्रत्येक डॉल्फिनला स्वतःची एक शीळ असते. ती त्याच्या नावासारखी असते आणि आयुष्यभर फारशी बदलत नाही. कातरी ही त्यांतलीच एक मादी. एका जाळ्यात सापडून तिच्या पाठीवरचा पर कधीकाळी कातरला गेला होता, म्हणून ते नाव. तिची शीळ वर वर चढत जाई आणि टोकाशी पोचली की दोनदा मुरडे. जिना चढून आलेल्या पाहुणीने दाराची कडी दोनदा वाजवावी तशी.

ती शीळ आता हवी होती, आणि लगेच हवी होती. होडीवरून आजोबांचा निरोप आला होता: “चारू, कातरीची शीळ काढून ठेव. मी येतोच आहे.” त्यांच्या आवाजात काहीतरी बिनसले होते, पण काय ते तिने विचारले नव्हते.

दार उघडले. आजोबा भिजल्या रेनकोटासकट आत आले आणि त्यांच्या मागून केंद्राची होडी चालवणारी रुजायमावशी.

“कातरी गेली,” आजोबा म्हणाले. “बाहेरच्या खडकांवर लागली आहे. कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात अडकली होती. आणि तिचं पिलू खाडीत शिरलंय. धरणाच्या आत.”

तेरेवाडीच्या खाडीवर भरती-ओहोटीच्या पाण्यावर वीज करणारे केंद्र होते. त्याच्या बुटक्या धरणाला मोठमोठे दरवाजे होते आणि ते पाण्याबरोबर उघडत, मिटत. डोंगरांत पाऊस झाल्यामुळे खाडीचे पाणी गोडे होत चालले होते. गोड्या पाण्यात डॉल्फिनच्या अंगावर फोड येतात. त्यातून उद्यापासून दरवाजे दुरुस्तीसाठी बंद राहणार होते.

“आजच्या ओहोटीत ते बाहेर निघालं नाही, तर पुढे निघणार नाही,” आजोबा म्हणाले. “हाकलून ते येणार नाही, घाबरून आणखी आत जाईल. आईच्या हाकेला मात्र येईल. काढलीस ना शीळ?”

चारुताने पडद्याकडे पाहिले. 

“आजोबा, मी... डिस्कवर जागा कमी पडतेय असं पंत सारखं सांगत होता. कातरीचा कप्पा दोन ठिकाणी दिसला. सगळ्यांत मोठा तोच होता. मला वाटलं, एक प्रत जास्तीची आहे. म्हणून एक पुसली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.”

“कधी?”

“तुम्ही मालवणला बैठकीला गेला होतात तेव्हा. आता पाहतेय, तर दुसरीही नाही! एक पुसली तर दुसरी कशी जाईल?”

 आजोबांनी रेनकोट काढून खुंटीला लावला, खुर्ची ओढली आणि बसले. रुजायमावशीने एकदा त्यांच्याकडे, एकदा चारुताकडे पाहिले.

“काय गो चेडवा, तोंड कित्याक उतारला? वराड अजून मांडवात असा,” ती म्हणाली. “ओहोटी लागाक येळ असा. डोक्या चालवा दोघांय.”

“पंत, सगळी नवी ध्वनिमुद्रणं आत्ताच्या आत्ता थांबव,” आजोबा म्हणाले. “मुख्य डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.”

“थांबवली,” कोपऱ्यातून उत्तर आले. पंत हा केंद्राचा यंत्रमानव. त्याचे पूर्ण नाव धोंडोपंत. त्याची जड पेटी होडीतून उतरवताना रुजायमावशी “ह्यो काय धोंडो हाडलात?” (हा काय धोंडा आणलात?) असे ओरडली होती, आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले होते. त्याला दोन लांब हात होते, चाके होती आणि सांगितलेले काम सांगितले तसेच करण्याची अढळ निष्ठा होती.

“थांबवायचं का?” चारुताने विचारले. “पुसलेलं तर पुसलं गेलंच आहे.”

“नाही, तसं नसतं,” आजोबा म्हणाले. “ग्रंथालयात पुस्तकांची यादी असते. यादीतलं नाव खोडलं म्हणून पुस्तक फडताळातून उडून जात नाही. ते तिथेच असतं; फक्त ‘ही जागा आता मोकळी समजा’ अशी नोंद होते. डिस्कवर काही पुसलं की बहुधा एवढंच घडतं. पुढे त्या जागेवर दुसरं पुस्तक ठेवलं गेलं, की मग पहिलं खरंच संपलं. म्हणून हातून काही पुसलं गेलं, तर सर्वांत आधी लिहिणं थांबवायचं. पंत, त्या जागेत काय आहे बघ.”

पंताने पाहिले. “तीन दिवसांच्या पावसाचा आवाज आहे. जलकर्णांनी अखंड टिपला, मी अखंड लिहिला. मधूनमधून जुने तुकडे उरले आहेत. ऐकवू?”

त्याने ऐकवले. पावसाच्या सरसरीत एक बारीकसा चिरका सूर आला आणि विरला. ती कातरी असेलही, नसेलही. चारुताला रडू फुटणार होते, पण तिने ते गिळले. कारण कोडे अजून सुटले नव्हते आणि ते तिला टोचत होते.

“पण दुसरी प्रत का गेली?”

“कारण ती दुसरी प्रत नव्हतीच,” आजोबा म्हणाले. “ती आरसा होती. जोडडिस्क म्हणजे मुख्य डिस्कचं प्रतिबिंब. मुख्य डिस्कवर जे होईल, ते त्याच क्षणी तिच्यावरही होतं. एक डिस्क अचानक बिघडली, तर दुसरीवर काम चालू राहावं, यासाठी ती असते, आणि त्या कामाला ती उत्तम आहे. पण तू आरशासमोर उभी राहून कपाळावरची टिकली काढलीस, तर आरशातल्या मुलीच्या कपाळावर ती राहील का?”

“नाही.”

“आणि काल तू टिकली लावली होतीस, हे आरसा सांगेल का? आरशाला आठवण नसते, चारू. त्याला फक्त आत्ता दिसतं. चांगलं घडलं तर चांगलं दाखवतो, चूक घडली तर चूक दाखवतो. आणि आपण त्याला सुरक्षितता म्हणतो.”

“मग आठवण कशाला असते?”

“बॅकअपला (माहितीची वेगळी, ठरावीक वेळी काढून ठेवलेली प्रत). तो काल काय होतं, गेल्या आठवड्यात काय होतं, हे जपून ठेवतो. आपल्याकडे आहे की! पंत दर रविवारी काढतो. हिरवा दिवा लागलेला नाही का?” आजोबांचा चेहरा जरासा उजळला. “पंत, गेल्या रविवारचा बॅकअप उघड.”

“गेल्या रविवारचा बॅकअप नाही,” पंत म्हणाला.

“मग त्याआधीच्या रविवारचा.”

“तोही नाही. बॅकअपची डिस्क मला जोडलेली नाही. गेल्या खंडेनवमीपासून जोडलेली नाही.”

 खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची आयुधपूजा. ती होऊन वर्ष होत आले होते.

“आणि हे तू मला आज सांगतोस?” आजोबा उठून उभे राहिले. “हिरवा दिवा रोज कसा लागतो मग?”

“दिव्याचा अर्थ, बॅकअपचा कार्यक्रम चालू आहे. तो चालू आहेच. दर रविवारी तो जागा होतो, डिस्क शोधतो, ती सापडत नाही, पुन्हा झोपतो. बॅकअप पूर्ण झाला, असं तो दिवा कधीच म्हणत नव्हता. तुम्ही तसं समजत होतात.”

“पण तू बोलायचं होतंस!”

“मी बोललो होतो. पूजा चालू असताना पाच वेळा बोललो. तेव्हा तुम्ही म्हणालात, तुमच्याच आवाजात ऐकवतो.” आणि पंताच्या पोटातून आजोबांचा आवाज आला, मागे टाळ्या आणि घंटेसकट: “अरे, आज खंडेनवमी! आज यंत्रांना विश्रांती. त्या डिस्कबद्दल मला एक अवाक्षर ऐकवू नकोस!”

“अरे, ते त्या दिवसापुरतं होतं!”

“ते तुम्ही म्हणाला नाहीत,” पंत शांतपणे म्हणाला.

आजोबा पुन्हा खाली बसले. वाद घालण्यात त्यांना सहसा कुणी हरवत नसे; पण यंत्र त्यांचाच शब्द त्यांच्यापुढे ठेवून गप्प बसले होते. प्रत्येक सूचना देणाऱ्या यंत्राला गप्प बसवता येते. गप्प बसवल्याचे आपण विसरतो, आणि मग त्या शांततेलाच ‘सगळे ठीक आहे’ असे समजून चालतो.

चारुता मात्र दुसराच विचार करत होती. तिच्या डोळ्यांपुढे आरसा होता. मी पुसले, आरशाने पुसले. कारण आरशाला माझी आज्ञा पोचली. म्हणजे आपल्याला अशी प्रत हवी, जिला ती आज्ञा पोचलीच नाही. कशी पोचणार नाही? ती जोडलेलीच नसेल तर!

“आजोबा, पूजेनंतर ती डिस्क कुठे ठेवलीत?”

आजोबांनी मान वर केली.

केंद्रात एक चाल होती. खंडेनवमीला पाटावर होडीचे वल्हे, नट आवळायचे पाने, पेचकस, सुटा जलकर्ण आणि ती काळी डिस्क असे सगळे मांडले जाई. हळदकुंकू, झेंडूची फुले वाहिली जात. त्या दिवशी कुणी त्यांना कामाला लावत नसे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला वल्हे होडीत जाई, पाने पेटीत जात. गेल्या वर्षी डिस्क मात्र आजोबांनी स्वतः उचलून देवाच्या फळीवर ठेवली होती, जरा मानाने, ‘उद्या लावू’ असे म्हणून. त्यानंतर तिथली धूळ झटकणाऱ्या प्रत्येकाने तिच्याभोवतीची धूळ झटकली. देवापुढची वस्तू, ती कोण हलवणार?

ती तिथेच होती. वाळून करडा झालेला झेंडू अजून तिच्यावर होता.

“जुनी आवृत्ती मिळेल!” चारुता ओरडली.

“थांब. घाईने पुन्हा घोटाळा नको,” आजोबा म्हणाले.

पंताने वायर जोडली. “डिस्क सापडत नाही,” तो म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, “हे बोलल्याबद्दल माफी असावी. आज्ञा अजून लागू आहे.”

“आज्ञा रद्द! बोल, काय हवं ते बोल!”

“डिस्क मेलीय का?” चारुताने विचारले.

“आधीच तसं ठरवायचं नाही. आधी सोपी कारणं तपासायची. वायर बदल.” वायर बदलली, काही घडले नाही. “दुसऱ्या खाचेत लाव.” तरीही काही नाही. “आता डिस्कची खाच उजेडात धर.”

चारुताने धरली. आत लाल भुकटी दाटून बसली होती.

“कुंकू!”

“मीच वाहिलं होतं,” आजोबा म्हणाले. “बरोबर खाचेवर.”

रुजायमावशीने खिडकीतून खाडीकडे पाहिले. “पाणी उतराक लागला हां,” ती म्हणाली.

कोरड्या मऊ कुंचल्याने चारुताने कण न् कण झाडला. फुंकर घालायची नाही, तोंडातली वाफ आत जाते, हे आजोबांनी तिला बजावले होते. पुन्हा वायर जोडली. डिस्क घरघरली. “सापडली,” पंत म्हणाला.

“मुख्य डिस्कवरच टाक ना सगळं, पूर्वी होतं तिथे!”

“मुळीच नाही,” आजोबा म्हणाले. “परत आणलेलं कधी मूळ जागेवर टाकायचं नसतं, ते अर्धवट निघालं, तर असलेलंही झाकलं जाईल. पंत, जुन्या डिस्कवर लिहायला बंदी कर, फक्त वाच. आणि रिकाम्या डिस्कवर पुनःस्थापन (बॅकअपमधून माहिती परत उभी करणे) सुरू कर.”

पडद्यावर एक साखळी दिसू लागली. आजोबा घाईघाईने सांगत गेले. पहिली कडी म्हणजे पूर्ण बॅकअप, सगळ्याची सगळी प्रत. पुढची प्रत्येक कडी वाढीव बॅकअप; मागच्या वेळेपासून जेवढे बदलले तेवढेच तीत असते. त्यामुळे जागा वाचते, वेळ वाचतो. पण शेवटची कडी हवी असेल, तर मधली प्रत्येक कडी धड असावी लागते.

साखळी हिरवी होत होत पुढे सरकली आणि एका कडीवर लाल होऊन थांबली.

“पडताळणीचा अंक जुळत नाही,” पंत म्हणाला.

“म्हणजे?”

“लिहिताना मजकुरावरून एक अंक काढून ठेवतात,” आजोबा म्हणाले. “वाचताना तोच अंक पुन्हा काढायचा. जुळला तर मजकूर जसाच्या तसा आहे. नाही जुळला, तर मध्ये काहीतरी बिघडलं. खारी हवा, वर्षभर वापराविना... कारण कोणतंही असो. या कडीच्या पुढचं आता मिळणार नाही. या कडीच्या आधीचं धड आहे का, पंत?”

“आहे. कातरी, दोन वर्षांपूर्वीपर्यंत.”

आणि मग ती शीळ खोलीत आली. वर, वर, वर. आणि टोकाशी दोनदा मुरडली. चारुताने हात तोंडावर धरला. आजवर आपल्याला ती शीळ तोंडाने काढता येते, असे तिला वाटत होते. तो आवाज कानांत शिरल्यावर आपण काढत होतो ते किती वेगळे होते, हे तिला कळले.

“मिळाली, आजोबा!”

“हो,” ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

पंतासह सगळ्यांना घेऊन होडी निघाल्यावर त्यांनी कारण सांगितले. “हिच्यात पिलू नाही. ते जन्मलं यंदा माघात. पिलू झालं की डॉल्फिनची आई त्याच्याशी बोलताना आपली शीळ थोडी उंच करते. जशी तुझी आई तुझ्याशी लहानपणी वेगळ्याच आवाजात बोलायची. ‘इकडे ये’, ‘मागे राहू नकोस’, अशा त्या दोघांच्या मधल्या छोट्या हाका होत्या. सात महिने आम्ही त्या टिपल्या. त्या आता जगात कुठेच नाहीत. आपल्याजवळ आहे ती फक्त ‘मी कातरी, मी इथे आहे’ एवढीच.”

चारुताने नजर पाण्याकडे वळवली. “मी पुसलं,” ती म्हणाली.

“तू पुसलंस. चूक झाली, खरी. मला विचारायला हवं होतंस. पण एक नीट ध्यानात घे, मी हे तुझी समजूत घालायला बोलत नाही. माणसाच्या हातून चूक होणार, हे गृहीत धरूनच बॅकअप ठेवतात. चूक झाली तेव्हा तो नव्हता, हा दोष चूक करणाऱ्याचा नाही, ठेवणाऱ्याचा आहे. तू एका क्षणात पुसलंस, मी वर्षभर गमावत होतो. आणि गमावत असताना रोज सकाळी हिरव्या दिव्याकडे पाहून समाधानाने चहा पीत होतो.”

पिलू जुन्या धक्क्याच्या खांबांपाशी घिरट्या घालत होते. त्याच्या राखी पाठीवर पांढुरके डाग उमटू लागले होते. पंताने ध्वनिवर्धक पाण्यात सोडला आणि कातरीची शीळ वाजवली.

पिलू थबकले. इतके थबकले की पाण्यावर नुसते तरंगत राहिले. मग ते सरळ होडीकडे झेपावले, होडीखालून गेले, पलीकडे निघाले, वळले, पुन्हा खालून गेले.

“काय करतंय ते?” चारुताने विचारले.

“आवशीक सोदता,” रुजायमावशी म्हणाली. ते आईला शोधत होते. मग तिने तोंड फिरवले आणि होडी हलवली.

होडी हळूहळू दरवाज्याकडे सरकू लागली. शीळ वाजे, पिलू मागे येई. होडीला वळसा घालून कुणी नाही असे पाहिले की परत धक्क्याकडे जाई. ‘मागे राहू नकोस’ ही हाक त्यांच्याजवळ नव्हती. त्यामुळे थोडे पुढे जायचे, थांबायचे, वाजवायचे आणि वाट पाहायची, एवढेच हाती होते. बिनतारी यंत्रावरून वीजकेंद्राच्या सावंतबाईंचा आवाज आला, “नाबरसर, पाणी स्थिर झालं की मला दरवाजे खाली सोडावेच लागतील हं. नाहीतर भरती सगळं पुन्हा आत ढकलेल.”

“थोडं थांबा, बाई!”

“मी थांबेन हो. समुद्र थांबायला हवा ना!”

दरवाज्याच्या सावलीत पिलू पुन्हा अडले. पाणी जवळजवळ निश्चल झाले होते. चारुता होडीच्या कडेवर वाकली, पाण्याला तोंड लावण्याइतकी, आणि काही न सुचून नुसती म्हणाली, “चल ना. चल ना रे.” त्या शब्दांचा पिलाला काही अर्थ लागला नसणार. शीळ पुन्हा वाजली, आणि ते आले. होडीच्या मागोमाग सावलीतून बाहेर, उन्हात, खाऱ्या पाण्यात. त्यांच्या पाठीमागे दरवाजे खाली आले.

बाहेर, लांबवर, पाण्यात दोन-तीन पाठी चमकल्या. काजळी आणि खवली; पंताने परांवरून त्यांना ओळखले. आजोबांनी तत्काळ ध्वनिवर्धक बंद केला.

“बंद का केलात? अजून ते त्यांच्याजवळ गेलं नाही!”

“ज्या आवाजामागे कुणी नाही, त्याची सवय त्याला लावायची नाही,” आजोबा म्हणाले. “आज वापरला, तोही नाइलाजाने.”

पिलू होडीभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहिले. शीळ थांबली होती आणि ते शोधत होते. अखेर दुरून एक वेगळीच शीळ आली, खवलीची. पिलू उलट वळले आणि त्या दिशेने गेले. रुजायमावशीने छातीवर क्रूस रेखला. 

परत आल्यावर आजोबांनी केंद्राची व्यवस्था बदलली, आणि प्रत्येक बदलाचे कारण विचारल्याखेरीज चारुताने तो होऊ दिला नाही. आरसा राहिला, डिस्क अचानक बंद पडली तर काम अडू नये म्हणून. बॅकअपसाठी दोन डिस्क आल्या. एक जोडलेली असताना दुसरी सुटी राहणार, आणि पंत त्या अदलाबदलीची आठवण करणार. सुटी कशाला, हे चारुतानेच सांगितले: “जिला आज्ञा पोचत नाही, तिला चूकही पोचत नाही.” तिसरी प्रत गावाबाहेर, जिल्ह्याच्या ग्रंथालयात जाऊ लागली; आग लागली किंवा केंद्रात समुद्र शिरला, तर जवळ ठेवलेल्या सगळ्या प्रती एकदमच जातील म्हणून. हिरव्या दिव्याचा अर्थही बदलला. कार्यक्रम चालू आहे म्हणून तो आता लागत नसे. प्रत पूर्ण झाली आणि पडताळणीचे अंक जुळले, तरच लागे. आणि पंताला गप्प बसवण्याची आज्ञा सूर्यास्ताला आपोआप संपू लागली.

“पण आजोबा, प्रत नीट झाली, हे खरं कळतं कधी?”

“परत उघडून पाहिल्यावर. तोवर तो बॅकअप नव्हे, नुसती आशा.”

दसऱ्याच्या सुट्टीत चारुता पुन्हा तेरेवाडीला आली. खंडेनवमीचा पाट मांडला होता. वल्हे, पाने, जलकर्ण. आजोबांनी बॅकअपची सुटी डिस्क पाटावर ठेवली आणि कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला. चारुताने तो अलगद धरला.

“आधी उघडून पाहू.”

“आज यंत्रांना विश्रांती ना गो?” रुजायमावशी हसून म्हणाली.

“हीच हिची पूजा,” चारुता म्हणाली.

पंताने डिस्क दुसऱ्याच एका यंत्राला जोडली आणि गेल्या रविवारची एक नोंद परत उभी केली. समुद्राची सळसळ आली. तीत एक शीळ होती, अपुरी, अडखळती, चढता चढता मध्येच घसरणारी. पहिल्या वर्षात डॉल्फिनचे पिलू स्वतःची शीळ घडवत असते. म्हणजे स्वतःचे नाव स्वतःच ठरवत असते.

“खवलीबरोबर फिरतंय,” आजोबा म्हणाले. “डाग मावळले. ऐक, टोकाशी काय करतंय.”

टोकाशी ती शीळ एकदा मुरडली. दोनदा नाही, एकदाच. चारुता बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने डिस्कच्या पाठीवर, खाचेपासून लांब, कुंकवाचे बोट लावले आणि एक झेंडू वाहिला.

“एक शंका आहे,” पंत म्हणाला. “यंदाच्या नोंदींत ‘कातरी आणि पिलू’ असा एक कप्पा आहे. पुसलेलं सापडलं तर ठेवायला मी तो उघडला होता. तो पूर्ण रिकामा आहे. त्याचीही प्रत दर रविवारी काढायची का?”

आजोबा काही बोलणार होते. पण त्यांनी चारुताकडे पाहिले.

“काढ,” ती म्हणाली. “तिन्ही ठिकाणी.”